दाबाखालीं श्वास घेणारे स्फटिक

(नभोवाणीवरील भाषण)



रोहें तालुक्यांतील खांब हें गांव मुंबई-गोवें हमरस्त्यावर, नागोठणें आणि कोलाड यांच्या दरम्यान वसलेलें आहे. नागोठण्याहून निघून सुकेळीची खिंड ओलांडली कीं तें लागतें. त्या परिसरांतील शाळांतून मीं आयुष्याचीं पुष्कळ वर्षें मुलांना शिकविलें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, त्याचा मी पंडित आहें असा कोणाचा गैरसमज होऊं नये. परंतु वर्गांत एका मुलीनें विचारलेल्या प्रश्नाला मीं एकदां मोठ्या आत्मविश्वासानें उत्तर दिलें होतें. तें उत्तर चुकीचें होतें, असें मला सेवानिवृत्त झाल्यावर समजलें. ती चूक उघडपणें दुरुस्त करावी, आणि तिचें खरें उत्तर सांपडण्याला जगाला किती काळ व किती माणसें लागलीं याचा इतिहास सांगावा, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

प्रसंग असा. रस्त्याच्या कामासाठीं फोडलेल्या काळ्या दगडांच्या ढिगांतून ती मुलगी एक तुकडा घेऊन आली. त्या तुकड्याच्या पोटांत सुपारीएवढी पोकळी होती आणि पोकळींत पांढऱ्या शुभ्र, सुईसारख्या स्फटिकांचा पंखा उमललेला होता. मीं त्यांतल्या चार सुया काढून परीक्षानळींत घातल्या व स्पिरिटच्या दिव्यावर धरल्या. थोड्याच वेळांत नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे बारीक थेंब जमले. मुलांना मोठें नवल वाटलें. तेवढ्यांत त्या मुलीनें विचारलें, "गुरुजी, दगडांत पाणी राहतें, तर मग दगड खूप जोरानें दाबला तर तें पाणी बाहेर येईल का?" मीं म्हटलें, "येणारच. ओला पंचा पिळला कीं पाणी गळतें, तसेंच." तिचें समाधान झालें नाहीं. ती म्हणाली, "पण पाण्यांत बुडवूनच दाबला तर?" मीं उत्तर दिलें, "पंचा पाण्यांत बुडवून पिळला म्हणून तो कांहीं अधिक पाणी पीत नाहीं. खालीं बैस." ती खालीं बसली, आणि वर्षानुवर्षें मी फळ्यावर लिहीत आलों होतों तें वाक्य मीं पुन्हां एकदां लिहिलें: घन पदार्थाला निश्चित आकार व निश्चित आकारमान असतें.

आतां आपण त्या दगडाकडे वळूं. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरांवर थर सांचून बनला. तो रस थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पडले. पुढें त्या रिकाम्या जागांतून कढत पाणी झिरपलें, आणि पाण्यांत विरघळलेल्या द्रव्यांचे स्फटिक तेथें सावकाश वाढले. १८५६ ते १८६३ या काळांत बोरघाटांतून आगगाडीचा मार्ग काढतांना डोंगराच्या पोटांतून बोगदे खोदावे लागले. त्या खोदाईंत अशा स्फटिकांचे सुंदर नमुने निघाले आणि ते दूरच्या संग्रहालयांत जाऊन पोंचले. पुणें, नाशिक, जळगांव या बाजूच्या खाणींतील नमुने आजहि जगभर नांवाजले जातात. पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींतला निळाभोर कॅव्हान्साइट पाहण्यासाठीं परदेशांतील संग्राहक धडपडतात. आणि ज्यांना हें वैभव एके ठिकाणीं पाहावयाचें असेल त्यांनीं सिन्नरचें गारगोटी संग्रहालय अवश्य पाहावें.

या स्फटिकांच्या कुळाला शास्त्रांत झिओलाइट असें नांव आहे. तें १७५६ सालीं स्वीडनच्या क्रोनस्टेट नांवाच्या खनिजशास्त्रज्ञानें दिलें. फुंकणीच्या ज्वालेवर धरतांच हा दगड उकळल्यासारखा फसफसतो असें त्याला दिसलें; म्हणून ग्रीक भाषेंतील 'उकळणें' आणि 'दगड' हे दोन शब्द जोडून त्यानें हें नांव घडविलें. त्याच कुळांतील आपल्याकडे विपुल सांपडणारा स्कोलेसाइट तापविला असतां किड्यासारखा वळवळतो. त्याच्याहि नांवांत ग्रीक भाषेंतला किडाच आहे. उकळण्याचें कारण आंतलें पाणी, हें उघड होतें. परंतु १८४० सालीं दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञानें एक अधिक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. पाणी घालवून टाकल्यावरहि हा स्फटिक मोडत नाहीं, आणि ओलसर हवेंत ठेवला कीं गेलेलें पाणी पुन्हां आंत घेतो. घरांतील माणसें बाहेर गेलीं तरी घर उभेंच राहावें आणि संध्याकाळीं तीं परत यावींत, असा हा प्रकार होता.

घराची रचना दिसण्यास मात्र क्ष-किरणांची वाट पाहावी लागली. १९३० सालीं अमेरिकेच्या लायनस पॉलिंगनें या कुळांतील नॅट्रोलाइट नामक खनिजाची मांडणी सांगितली. सिलिकॉन अथवा ॲल्युमिनियमचा एक अणु मध्यें आणि त्याच्या चार बाजूंना ऑक्सिजनचे चार अणू, अशी एक लहानशी चौफलकी वीट असते. या विटा एकमेकींना केवळ कोपऱ्यांनीं जोडलेल्या असतात. त्यामुळें मध्यें बोळ आणि खोल्या राहतात, आणि त्यांत पाण्याचे रेणू वस्ती करतात. येथें श्रोत्यांनीं एक गोष्ट मनांत धरून ठेवावी. वीट स्वतः कठीण आहे, परंतु कोपऱ्याचा सांधा बिजागरीसारखा आहे. आजच्या सर्व कथेचें मर्म या बिजागरींत आहे.

दाबाचा इतिहास वेगळ्या वाटेनें आला. आपल्या सभोंवतालच्या हवेचा जो दाब आपण नकळत सोसतों त्याला एक वातावरण म्हणूं. दहा मीटर खोल पाण्याच्या तळाशीं आणखी एका वातावरणाची भर पडते. पाणी दाबलें जात नाहीं, अशी जुनी समजूत होती. ती १७६२ सालीं लंडनच्या जॉन कँटननें खोडून काढली. परंतु खऱ्या अर्थानें दाबाचें शास्त्र उभें केलें तें हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमननें. यंत्रांतून द्रव गळूं नये यासाठीं त्यानें अशी बूच बसविण्याची युक्ति काढली, कीं आंतला दाब वाढेल तसतसें तें बूच अधिकच घट्ट बसावें. या एका युक्तीच्या बळावर त्यानें एक लक्ष वातावरणांपर्यंत मजल मारली. त्यानें पाण्यावर दाब वाढविला तेव्हां साध्या खोलीच्या उष्णतेलाहि पाण्याचा बर्फ झाला. तो आपल्या ओळखीचा बर्फ नव्हे, तर निराळ्या मांडणीचा, पाण्यांत बुडणारा बर्फ. दाबानें वस्तु नुसती लहान होते असें नव्हे, तर तिची आंतली घडीच बदलते, हें यावरून सिद्ध झालें. १९४६ सालीं ब्रिजमनला पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

तरीहि एक अडचण उरली होती. पोलादाच्या जाड भिंतींआड काय चाललें आहे तें डोळ्यांना दिसत नसे. १९५८-५९ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या सरकारी प्रमाण-संस्थेंतील चौघा शास्त्रज्ञांनीं दोन हिऱ्यांचीं टोकें समोरासमोर ठेवून त्यांच्यामध्यें नमुना दाबण्याचें एक उपकरण बनविलें. तें इतकें लहान होतें कीं तळहातावर मावावें. हिरा सर्वांत कठीण, आणि पुन्हां पारदर्शक. त्यामुळें दाब चालूं असतांनाच आंतला स्फटिक सूक्ष्मदर्शकानें पाहतां येऊं लागला. या प्रयोगांना लागलेले हिरे चोरट्या व्यापाऱ्यांकडून सरकारनें जप्त केलेल्या मालांतले होते. एका गुन्ह्याचा मुद्देमाल असा शास्त्राच्या कारणीं लागला.

हें शास्त्र आपल्या दारापर्यंतहि आलें. मुंबई बंदराच्या पलीकडे उरणच्या किनाऱ्यासमोर ट्रॉम्बे आहे. तेथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत राजगोपाल चिदंबरम, सतींदरकुमार सिक्का आणि त्यांचे सहकारी यांनीं गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत उच्च दाबाच्या शास्त्राची एक मान्यवर परंपराच निर्माण केली. टायटेनियम व झिर्कोनियम या धातूंची मांडणी दाबानें कशी पालटते, यावर त्यांनीं केलेलें काम जगांत आधारभूत मानलें गेलें. दाबाखालीं स्फटिकाची शिस्त मोडून तो कांचेसारखा अव्यवस्थित कां होतो, या प्रश्नावर सुरिंदर शर्मा व सिक्का यांनीं १९९६ सालीं लिहिलेला विस्तृत आढावाहि अभ्यासकांच्या नित्य वाचनांतला आहे.

आतां हे दोन प्रवाह एकत्र येतात. १९८३ सालीं अमेरिकेच्या रॉबर्ट हेझननें झिओलाइटचा स्फटिक हिऱ्यांच्या चिमट्यांत धरला. स्फटिकाभोंवतीं एखादा द्रव भरावा लागतो, म्हणजे दाब सर्व बाजूंनीं सारखा पडतो. हेझननें निरनिराळे द्रव वापरून पाहिले आणि त्याला चमत्कारिक अनुभव आला. द्रव बदलला कीं तोच स्फटिक कधीं अधिक दबे, कधीं कमी! ज्या द्रवाचे रेणू बोळांत शिरूं शकत नाहींत अशा द्रवांत तो सहज दबला. पाण्यासारखे लहान रेणू असले कीं तो ताठ राहिला. याचा उलगडा घरगुती उदाहरणानें होईल. झांकण घट्ट बसविलेला रिकामा पत्र्याचा डबा खोल पाण्यांत सोडला तर तो चेपतो. त्याच डब्याला भोंकें पाडून सोडला तर पाणी आंत शिरतें, आंतला व बाहेरचा दाब सारखा होतो, आणि डबा शाबूत राहतो. म्हणजे 'या दगडावर इतका दाब दिला तर काय होईल?' हा प्रश्नच अपुरा ठरला. 'कशांत बुडवून दाबला?' हें विचारल्यावांचून त्याला उत्तर नाहीं. माझ्या वर्गांतल्या मुलीनें नेमकें हेंच विचारलें होतें.

आणि खरें उत्तर याहूनहि विलक्षण निघालें. २००१ व २००२ सालीं योंगजे ली, थॉमस फोग्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं नॅट्रोलाइट पाण्यांत ठेवून दाबला. सुमारें आठ हजार वातावरणांपर्यंत तो रीतीप्रमाणें आकसत गेला. पुढें पंधरा हजार वातावरणांच्या आंतच त्यानें दिशा बदलली. दाब वाढत असतांना त्याचें आकारमान वाढलें. शेंकडा दोन-अडीच इतकी ती वाढ होती. बिजागऱ्या फिरल्या, बोळ रुंदावले, आणि बाहेरचें पाणी आंत शिरलें. स्फटिकाच्या ज्या एका मापांत पूर्वीं पाण्याचे सोळा रेणू होते, तेथें शेवटीं बत्तीस झाले. स्कोलेसाइट हा याच नॅट्रोलाइटच्या कुटुंबांतला, आणि तो आमच्या सह्याद्रीच्या पोकळ्यांत सुयांच्या पंख्यांनीं वाढतो. पाण्यांत बुडवून दाबला तर हा दगड पाणी सोडीत नाहीं, अधिक पितो. पंच्याचा दृष्टांत देऊन मीं त्या मुलीला खालीं बसविलें होतें. बसावयास मीं हवें होतें.

सृष्टीनें केलेल्या या चौकटी पाहून माणसाला स्वतः चौकटी रचण्याची इच्छा झाली नसती तरच आश्चर्य. त्या कथेचा आरंभ एका शिक्षकाच्या कामांत आहे, म्हणून ती मला विशेष प्रिय आहे. १९७४ सालीं ऑस्ट्रेलियांत मेलबर्न विद्यापीठांत रिचर्ड रॉबसन हे विद्यार्थ्यांना रेणूंच्या रचना दाखविण्यासाठीं लांकडी गोळे व काड्या तयार करवून घेत होते. प्रत्येक गोळ्याला कोणत्या कोनांत भोंकें पाडावयाचीं हें त्यांना सुताराला खुणा करून द्यावें लागलें. गोळे तयार होऊन आल्यावर त्यांच्या लक्षांत आलें, कीं भोंकांच्या जागा ठरल्या म्हणजे पुढली सगळी इमारत आपोआपच ठरते. मग लांकडी गोळ्यांऐवजीं धातूचे अणू आणि काड्यांऐवजीं कार्बनयुक्त रेणू घेतले तर? हा विचार त्यांनीं दहा वर्षांहून अधिक काळ मनांत बाळगला, आणि १९८९ सालीं तांब्याचे अणू व चार हातांचा एक रेणु यांपासून हिऱ्यासारख्या मांडणीची, पण आंतून प्रशस्त पोकळ असलेली चौकट बनवून दाखविली. मांडव उभारतांना आपण खांब व सांधे वापरतों. येथें धातु हे सांधे झाले आणि सेंद्रिय रेणु हे खांब. अशा रचनांना पुढें धातु-सेंद्रिय चौकटी हें नांव पडलें. हें नांव रूढ केलें तें जॉर्डनमध्यें जन्मलेल्या आणि अमेरिकेंत काम करणाऱ्या ओमर याघी यांनीं, १९९५ सालीं. त्यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेली एक चौकट तर इतकी पोकळ होती कीं तिच्या दोन-चार ग्रॅम पुडीचा अंतर्भाग उलगडला तर फुटबॉलचें मैदान झांकून जावें.

बहुतेकांचा प्रयत्न अशा चौकटी टणक करण्याचा होता. जपानमधील सुसुमु कितागावा यांनीं मात्र निराळा विचार केला. १९९७ सालीं त्यांनीं वायु आंत घेणारी व बाहेर सोडणारी पक्की चौकट तयार केली. आणि लगेच १९९८ सालीं असें प्रतिपादन केलें कीं या चौकटींचें खरें वैशिष्ट्य टणकपणांत नसून मऊपणांत आहे. सेंद्रिय रेणूंचे खांब किंचित् वळतात, सांधे फिरतात. तेव्हां पाहुणा आला कीं जागा करून देणारे आणि पाहुणा गेला कीं मिटून घेणारे स्फटिक शक्य आहेत. रॉबसन, कितागावा आणि याघी या तिघांना २०२५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

कितागावांच्या या कल्पनेचें सर्वांत ठळक उदाहरण फ्रान्समध्यें तयार झालें. व्हर्सायच्या लाव्हाझिए संस्थेंत जेरार फेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं मिल-५३ नांवाची क्रोमियमची चौकट प्रसिद्ध केली. तिच्यांतील खांब टेरेफ्थॅलिक आम्लाचे आहेत. हें नांव परकें वाटलें तरी ही वस्तु परकी नाहीं. अंगावरचें पॉलिएस्टरचें कापड आणि पाण्याची प्लॅस्टिकची बाटली याच आम्लापासून होते, आणि आमच्या रायगड जिल्ह्यांत पाताळगंगेच्या परिसरांत तें मोठ्या प्रमाणावर बनविलें जातें. या चौकटीच्या बोळांचा छेद शंकरपाळ्यासारखा असतो. हवेंतलें पाणी आंत शिरलें कीं शंकरपाळा चपटा होतो. तापवून पाणी घालविलें कीं तो पुन्हां रुंद होतो. कार्बन डायऑक्साइड वायूचे थोडे रेणू आंत आले तरी ती आकसते, आणि त्याच वायूचा दाब वाढविला तर पुन्हां पसरते. फेरे या क्रियेला श्वासोच्छ्वास म्हणत. आणि ती उपमा शास्त्रज्ञांनीं कायमची उचलली.

ही क्रिया डोळ्यांसमोर आणावयाची असेल तर दुकानाच्या दाराला असणारें जाळीचें सरकतें लोखंडी फाटक आठवावें. फाटक सारतांना त्याची एकहि पट्टी आंखूड होत नाहीं कीं लांब होत नाहीं. केवळ पट्ट्यांमधला कोन बदलतो. शंकरपाळे मिटतात आणि फाटक अरुंद होतें. त्याच वेळीं जाळीचे शंकरपाळे उंच होतात, हें आपण क्वचितच लक्षांत घेतों. मिल-५३ च्या जातीच्या चौकटी दाबल्या असतां तेंच घडतें. एका दिशेनें लांबी घटत असतांना दुसऱ्या दिशेनें ती वाढते. २०१० सालीं फ्रेंच शास्त्रज्ञांनीं या क्रोमियमच्या चौकटीवर पाऱ्याचा दाब दिला. पारा त्या बारीक बोळांत शिरूं शकत नाहीं, त्यामुळें हा निव्वळ बाहेरचा दाब होता. सुमारें साडेपांचशें वातावरणांना चौकट मिटली, आणि तिचें आकारमान अदमासें एक तृतीयांशानें कमी झालें. दाब काढून घेतल्यावर ती पुन्हां उघडली. मात्र मिटतांना जेवढा दाब लागला त्याहून बराच कमी दाब उरल्यावर. या मधल्या फरकांत आघाताची शक्ति जिरून जाते; म्हणून अशा स्फटिकांचा धक्के शोषून घेण्यासाठीं उपयोग होईल, अशी आशा बाळगली जाते.

परंतु दाबाखालीं प्रत्येक चौकट पुन्हां उघडतेच असें नाहीं. आमच्या पेणचे पोहे प्रसिद्ध आहेत. भिजवून भाजलेलें भात कुटलें कीं दाणा चपटा होतो. आणि कुटणें थांबविलें म्हणून पोह्याचा पुन्हां तांदूळ होत नाहीं. कांहीं चौकटींची हीच गत होते. याघी यांच्या त्या अतिशय पोकळ चौकटीची पुडी केवळ पस्तीस वातावरणांच्या दाबानें वडी करण्यासाठीं दाबली, तरी तिची शिस्त कायमची मोडते, असें २०१० सालीं दिसून आलें. उलट झिफ-८ नांवाची जस्ताची एक चौकट पाहा. २००९ सालीं स्टीफन मॉगक, टॉम बेनेट आणि अँथनी चीटम यांनीं ती पातळ अल्कोहोलांच्या मिश्रणांत ठेवून दाबली. प्रथम तिचें आकारमान वाढलें, कारण द्रव आंत लोटला गेला. मग सुमारें साडेचौदा हजार वातावरणांना तिच्या खिडक्यांवरचीं वलयाकृति दारें गर्रकन फिरलीं, खिडक्या मोठ्या झाल्या, आणि स्फटिक अखंड राहून नव्या घडींत बसला. त्याच सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत मात्र हीच चौकट आंत न शिरणाऱ्या माध्यमांत दाबली होती. ती साडेतीन हजार वातावरणांच्या आंतच अव्यवस्थित होऊन गेली. पदार्थ तोच, दाब चौपट कमी, आणि परिणाम अगदीं उलट. आंत आधार देणारें कोणी असलें तर नवें रूप. नसलें तर पोहे.

दाब नेहमीं यंत्राचाच असतो असेंहि नाहीं. आंत शिरणारा वायूहि आपला दाब घेऊन येतो. जर्मनींतील ड्रेस्डेन येथें स्टेफान कास्केल यांच्या प्रयोगशाळेंत सिमोन क्राउझे आणि सहकारी यांनीं २०१६ सालीं एका चौकटींत मिथेन वायु भरत नेला. सर्व पदार्थ दाब वाढला कीं अधिक वायु घेतात. येथें एका क्षणीं चौकट एकदम मिटली आणि घेतलेला वायु तिनें बाहेर टाकला. त्यामुळें भांड्यांतला दाब उलट वाढला. प्रयोग चुकला असावा अशीच कोणाचीहि प्रथम समजूत झाली असती. त्यांनीं तो पुन्हां पुन्हां करून पाहिला व क्ष-किरणांनीं चौकटीचें मिटणें प्रत्यक्ष दाखविलें.

आतां कोणी सुज्ञ गृहस्थ विचारील, कीं या सगळ्याचा आमच्या संसाराशीं संबंध काय? संबंध आहे. मुंबईच्या रिक्षा ज्या नैसर्गिक वायूवर चालतात तो टांकींत सुमारें दोनशें वातावरणांच्या दाबानें कोंबावा लागतो, आणि त्यासाठीं टांकी जाड व जड करावी लागते. ठराविक दाबाला उघडणारी आणि दाब उतरतांच मिटून सगळा वायु सोडून देणारी चौकट टांकींत भरतां आली, तर कमी दाबांत काम भागेल, असा प्रयत्न चालूं आहे. धुरांतला कार्बन डायऑक्साइड वेंचून काढणें, हवेंतलें पाणी गोळा करणें, हींहि कामें या चौकटींकडून करून घेण्याचे प्रयोग होत आहेत. परंतु कारखान्यांत पुडी जशीच्या तशी वापरतां येत नाहीं. तिच्या वड्या पाडाव्या लागतात, आणि वडी म्हणजे पुन्हां दाब. किती दाबाला ही चौकट मिटेल, किती दाबाला मोडेल आणि मिटलेली उघडेल कीं नाहीं, हें आधीं ठाऊक नसेल तर पोकळी विकत घेऊन पोहे पदरांत पडावयाचे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें, जिचें उद्घाटन १९५० सालीं झालें, झिओलाइटच्या उत्प्रेरकांवर मोठें काम केलें. २००६ सालीं पुण्यांतच सुरू झालेल्या आयसर या संस्थेंत सुजित घोष व त्यांचे विद्यार्थी धातु-सेंद्रिय चौकटींचा अभ्यास करतात. म्हणजे ज्या पठाराच्या दगडांत ही पोकळी निसर्गानें घडविली, त्याच पठारावर माणसें ती हातानें घडवीत आहेत.

माझ्या फळ्यावरचें वाक्य मीं आतां मनांतल्या मनांत सुधारलें आहे. घन पदार्थाला आकार असतो, पण तो त्याच्या सांध्यांवर, त्याच्या आंत काय आहे यावर आणि बाहेरून कोण त्याला कवटाळून आहे यावर अवलंबून असतो. क्रमिक पुस्तकांतलें वाक्य खोटें आहे असें मी म्हणत नाहीं. लहान मुलांना पहिल्या पायरीवर तेंच सांगावें लागतें. माझा दोष वाक्य लिहिण्यांत नव्हता. मुलगी दुसऱ्या पायरीवर पाय ठेवीत असतां मीं तिला ओढून पहिल्या पायरीवर आणलें, हा माझा दोष होता. मीं तिच्या प्रश्नाचें उत्तर चुकविलें तें मॅट्रिकच्या पलीकडलें ज्ञान मला नव्हतें म्हणून नव्हे. 'मला ठाऊक नाहीं, आपण शोधूं या' हे शब्द मला त्या दिवशीं जड झाले म्हणून. खरें पाहतां हेझनसारख्यांना जो प्रश्न प्रयोगशाळेंत पडला, तो तिला बांकावर बसून, हातांत रस्त्याकडेचा दगड घेऊन पडला होता.

ती मुलगी आतां मोठी झाली असेल, कदाचित् तिचीं स्वतःचीं मुलें शाळेंत जात असतील. हें भाषण तिच्या कानांवर गेलें, तर तिला एवढेंच सांगणें आहे: बाई, पाण्यांत बुडवून दाबला तर तो दगड आणखी पाणी पितो. तुझा प्रश्न बरोबर होता. आणि हे शब्द दुसऱ्या कोणा पालकाच्या वा शिक्षकाच्या कानीं पडले असतील, तर त्यांना माझी विनंति आहे, कीं पावसाळा संपल्यावर घाटांतून जातांना फोडलेल्या दगडांच्या ढिगाशीं क्षणभर थांबावें, एखादी पांढरी सुयांची पोकळी मुलांच्या हातीं द्यावी, आणि मुलें जें विचारतील तें पुरतें ऐकून घ्यावें.